अब्रू कोणाची जाते?

मराठी दिवाळी अंक आणि अश्लीलतेचा कायदा यांची ओळख जुनी आहे. १९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली. तिच्यावर खटला झाला, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्याही आधी, १९३४ साली, र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर असाच खटला झाला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. तरीही कर्वे तो खटला हरले. मर्ढेकरांच्या कवितांनाही कोर्टाची पायरी चढावी लागली. छापील शब्दाने समाजाची नीती बिघडेल, या काळजीपोटी आपल्या इकडच्या राज्यकर्त्यांनी कवी, कथाकार, संपादक कोणाचीच गय केली नाही.

यंदा मी त्या कायद्याविषयी लिहायला बसले आहे, ते लेखकांचा कैवार घेण्यासाठी नव्हे. लेखक आपले पाहून घेतील. माझी तक्रार वेगळी आहे. एखाद्या पुरुषाने एखाद्या मुलीचा खासगी फोटो तिला न विचारता गावभर वाटला, तर त्या मुलीच्या हाती आपण जे हत्यार देतो, ते पुष्कळदा हेच, कथाकवितांना धरण्यासाठी घडवलेले असते. त्याने तिचे काम होत नाही. का होत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. चकली-करंजीच्या ताटाशेजारी हे पान उघडे पडायचे, घरात लेकीसुना, नातवंडे! पण वाचकहो, ज्या घरात हे पान नको आहे, त्याच घरात माणशी एक मोबाईल आहे, आणि मी म्हणते ते फोटो त्या मोबाईलवर येऊन गेलेले आहेत. ते चालते, त्याविषयी बोललेले तेवढे चालत नाही, हा कुठला सोवळेपणा?

मी एका शाळेत शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. तेव्हा कायद्याच्या पोथीतले बारकावे मी वकिलांना शिकवणार नाही. परंतु कायदा हा शेवटी भाषेतच लिहिलेला असतो, आणि वाक्यातला कर्ता कोण आणि कर्म कोण, एवढे ओळखायला मॅट्रिक पुरते.

कर्ता-कर्माची गोष्ट निघालीच आहे, तर आधी आपल्या बोलण्यापासून सुरुवात करू. घरात चोरी झाली तर आपण म्हणतो, चोर नालायक. उसने घेऊन कोणी बुडवले तर आपण म्हणतो, बुडव्याने पत घालवली. परंतु मुलीने विश्वासाने दिलेला फोटो एखाद्याने चव्हाट्यावर मांडला, की आपण म्हणतो, ‘मुलीची अब्रू गेली.’ गुन्हा त्याने केला आणि अब्रू तिची गेली! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आपल्या भाषेने हा निकाल कधीच देऊन टाकला आहे. कायद्याने तो फिरवायला हवा होता. कायद्याने तो निम्माच फिरवला.

अश्लीलतेच्या कायद्याची नजर कुठे असते ते पाहा. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेची जी कसोटी स्वीकारली, ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडातून आलेली, १८६८ सालची होती: ज्यांची मने बिघडू शकतात, त्यांच्या हाती हा मजकूर पडला तर ती बिघडतील काय? २०१४ साली न्यायालयाने ती कसोटी टाकून समाजाच्या चालू रीतिरिवाजाचे माप घेतले. सुधारणा झाली, हे कबूल. परंतु दोन्ही वेळा प्रश्न पाहणाऱ्याविषयीच होता. पाहणाऱ्याचे मन बिघडले का? समाजाला शिसारी आली का? जिचा फोटो आहे तिला विचारले होते का, हा प्रश्न त्या कसोटीत नाहीच.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ त्याच वळणाचे. अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाराला किंवा पाठवणाराला पहिल्या गुन्ह्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. कलम ६७-अ लैंगिक कृत्य उघड दाखवणाऱ्या मजकुरासाठी. तिथे कैद ५ वर्षांपर्यंत, दंड १० लाखांपर्यंत. शिक्षा कडक आहेत. पण शब्द वाचा: ‘प्रसिद्ध करील किंवा पाठवील’. संमतीचा उल्लेख नाही. एखाद्या स्त्रीने आपला फोटो आपल्या माणसाला विश्वासाने पाठवला, आणि त्या माणसाने तो सगळ्या जगाला पाठवला, तर कलमाच्या नुसत्या शब्दांपुढे दोघेही ‘पाठवणारे’च! मग पोलीस ठाण्याची पायरी चढताना तिचे पाय का थरथरतात, हे वेगळे सांगायला नको.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. आता चांगली बावीस-तेवीस वर्षांची, पदवीधर, नोकरी करणारी. तिचे लग्न घरच्यांनी ठरवले होते. साखरपुडा झाला, पेढे वाटले. त्या पाच-सहा महिन्यांत होणाऱ्या नवऱ्याने हट्ट केला म्हणून तिने त्याला काही फोटो पाठवले. पुढे देण्याघेण्यावरून लग्न मोडले, आणि मोडल्याच्या चौथ्या दिवशी ते फोटो तिच्या आत्याच्या, काकांच्या आणि कचेरीतल्या साहेबांच्या मोबाईलवर पोचले. ती फिर्याद द्यायला गेली. लिहून घेणाऱ्याने पहिला प्रश्न केला, ‘फोटो कोणी काढला?’ ती म्हणाली, ‘मीच.’ त्याने लेखणी खाली ठेवली. घरी आल्यावर तिची आई मला म्हणाली, ‘बाई, तुम्हीच हिला सांगा, नोकरी सोड म्हणावं, थोडे दिवस मामाकडे राहा म्हणावं.’ मी विचारले, ‘वहिनी, त्या मुलाने सोडली का नोकरी?’ त्या माउलीजवळ उत्तर नव्हते. त्या मुलाचे दुसरीकडे जमलेसुद्धा होते.

‘मुळात फोटो काढलाच कशाला?’ हा प्रश्न मी इतक्या तोंडांतून ऐकला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट देऊन टाकते. शेजारी गावाला जाताना घराची किल्ली तुमच्याकडे ठेवतो. तुम्ही ती घेऊन त्याचे घर लुटले, तर न्यायाधीश शेजाऱ्याला ‘किल्ली दिलीसच कशाला?’ म्हणून विचारतो काय? उलट विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार हा गुन्हा मानून आपल्या दंडविधानात त्याचे स्वतंत्र कलम फार पूर्वीपासून आहे. सोन्याच्या बांगडीला जो न्याय, तो मुलीच्या फोटोला का नाही? किल्ली देणे हा गुन्हा नव्हे. देणे शहाणपणाचे होते की नव्हते, यावर आई आणि लेक यांनी घरात बोलावे, हवे तर भांडावे. पण ती चर्चा फिर्यादीच्या कागदावर आणि चौकशीच्या टेबलावर येता कामा नये.

आणि हे सगळे मोबाईलने आणले असेही कोणी समजू नये. अजमेरचे प्रकरण १९९२ साली उघडकीला आले, तेव्हा मोबाईल नव्हता. साध्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंच्या धाकावर तिथल्या मुलींना वर्षानुवर्षे नाडले गेले होते. त्यातल्या आणखी सहा आरोपींना जन्मठेप झाली ती २०२४ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तेव्हाच्या शाळकरी मुली तोवर आज्या झाल्या असतील. १९९४ साली जळगावातही फोटोंच्या धाकाने मुलींना छळल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. यंत्र बदलले, धाक तोच राहिला. आणि तो धाक फोटोचा नसतो, तो आपला असतो. ‘तुझ्या घरच्यांना दाखवीन’ एवढेच गुन्हेगार म्हणतो. घरचे मुलीच्या बाजूने उभे राहणार असतील, तर त्या धमकीची किंमत शून्य होईल. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणत आपण ती मूठ झाकतो, आणि ते सव्वा लाख गुन्हेगाराच्या पदरात पडतात.

आता सरकारच्या पदरी न्यायाचे मापही टाकते, कारण एकांगी लिहिणे मला मान्य नाही. २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-ई आले, आणि त्यात ‘संमतीवाचून’ हा शब्द आला. दिल्लीच्या घटनेनंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालापाठोपाठ, २०१३ साली दंडविधानात कलम ३५४-क घालण्यात आले. तेच आज भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. त्याच्या स्पष्टीकरणात एक सोन्यासारखे वाक्य आहे. त्याचा मथितार्थ असा, की स्त्रीने चित्र टिपायला संमती दिली असली, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसली, तर ते दाखवणे हा गुन्हाच. माझ्या विद्यार्थिनीची फिर्याद घेणाऱ्याने हे एक वाक्य वाचले असते, तर त्याला लेखणी खाली ठेवता आली नसती!

कायदा मनावर घेतला तर काय होते, तेही दिसलेले आहे. पश्चिम बंगालातल्या तमलुकच्या न्यायालयाने २०१८ साली अशाच एका प्रकरणात आरोपीला ५ वर्षांची कैद आणि ९ हजार रुपये दंड सुनावला, आणि त्या मुलीला बलात्कारपीडितेप्रमाणे भरपाई मिळावी असे सांगितले. वर्षाच्या आत निकाल लागला. म्हणजे हे होऊ शकते. मग सगळीकडे का होत नाही?

कारण भिंत बांधली खरी, पण तीत चार खिंडारे राहिली आहेत.

पहिले खिंडार असे, की कलम ६६-ई फक्त शरीराच्या ठरावीक भागांपुरते बोलते. मिठीचा, चुंबनाचा फोटो त्यात बसेलच असे नाही. आपल्या गावांत मुलीचे शिक्षण बंद पडायला मिठीचा फोटो पुरतो, हे दिल्लीत कोणाला ठाऊक नसावे.

दुसरे म्हणजे, कलम ७७ स्त्रीपुरतेच आहे. एखाद्या तरुणाला व्हिडिओवर भुलवून, त्याचे चित्रण करून पैसे उकळण्याचा धंदा आज जोरात चालतो. त्या तरुणाने खंडणीचे कलम शोधावे, धमकीचे शोधावे; मूळ विश्वासघाताचे कलम त्याच्यासाठी नाही. पुरुषाला लाज नसते, असे कायद्याने कसे काय ठरवले?

तिसरे खिंडार नवे आहे. कलम ७७ ची भाषा ‘टिपलेल्या’ चित्राची आहे. आज मुलीचा साधा, स्नेहसंमेलनातला, नऊवारीतला फोटो घेऊन यंत्राकडून तिचे नग्न चित्र बनवता येते. जे दृश्य कधी घडलेच नाही ते ‘टिपले’ कसे, असा वाद आरोपीच्या वकिलाला सहज उभा करता येईल. ‘फोटो काढलाच कशाला?’ म्हणणाऱ्यांनी आता काय म्हणावे? मुलीने नऊवारी नेसलीच कशाला, असे?

चौथे खिंडार मला सर्वांत जास्त सलते. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा आहे; संहितेचे कलम ७२ ते सांगते. परंतु त्या कलमात मोजून दिलेल्या गुन्ह्यांच्या यादीत कलम ७७ नाही! म्हणजे जिचे सारे दुःख ‘लोकांनी पाहिले’ हेच आहे, तिच्याच नावाला पडदा नाही. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे एका वकील तरुणीचे असे प्रकरण आले, तेव्हा तिचे नाव कागदोपत्री आलेले आणि पुरुष पोलिसांसमोर ते चित्रण दाखवून तिच्याकडून ओळख पटवून घेतलेली पाहून न्यायमूर्तींना संताप आला. संताप रास्तच. परंतु जी स्वतः वकील, तिची ही दशा. मग तालुक्याच्या गावातल्या मुलीची काय कथा!

या चारांना पुरून उरणारी गोष्ट म्हणजे वेळ. शिक्षा उद्या झाली तरी चालेल, पण फोटो आज उतरला पाहिजे. २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना अशा तक्रारीवर २४ तासांची मुदत घातली, आणि त्यात यंत्राने बनवलेली खोटी चित्रेही धरली. पुढे ती मुदत आणखी आवळण्यात आली. उत्तम. पण एका ठिकाणी उतरवलेला फोटो दहा ठिकाणी पुन्हा उगवतो, रक्तबीजासारखा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट म्हटले, की त्याच त्या चित्रासाठी पीडितेला पुन्हा पुन्हा दारोदार हिंडवू नका. चित्राचा अंगठ्याच्या ठशासारखा एक आकडी ठसा काढता येतो, आणि त्या ठशावरून त्याच्या नकला अडवता येतात, हे तंत्र आज उपलब्ध आहे. सिनेमातल्या गाण्याचा एक तुकडा कोणी चोरून चढवला, तर याच कंपन्या तो चुटकीसरशी ओळखतात. गाण्याच्या मालकाला एक न्याय आणि मुलीला दुसरा? मग हे वरातीमागून घोडे किती दिवस नाचवायचे?

कोणी म्हणेल, कायद्याने काय होणार, संस्कार हवेत. मी शिक्षिका आहे. संस्कार या शब्दावर माझी भाकरी आहे. पण संस्काराची शिकवणी एकट्या मुलीलाच का? ‘फोटो पाठवू नको’ असे मुलीला सांगणाऱ्या हजार आया मला भेटल्या. ‘आलेला फोटो पुढे पाठवू नको’ असे मुलाला सांगणारे वडील बोटांवर मोजण्याइतके. आणि ज्या देशाचे कायदे पाहून आपण अश्लीलतेची कसोटी उचलली, त्या इंग्लंडनेही अनुभवाने शहाणपण घेतले आहे. तिथल्या २०१५ च्या कायद्यात दुसऱ्याला त्रास देण्याचा हेतू सिद्ध करावा लागे; ‘मी गंमत म्हणून पाठवला’ म्हणणारा सुटे. २०२३ च्या कायद्याने ती पळवाट बुजवली. आता संमतीवाचून पाठवला, एवढे मूळ गुन्ह्याला पुरते.

आणखी कोणी म्हणेल, बायका खोट्या तक्रारी करतील. खोट्या तक्रारी जमिनीच्या होतात, उसनवारीच्या होतात. म्हणून जमिनीचा कायदा कोणी बुडवला नाही. शिवाय इथे पुरावा मोबाईलमध्ये असतो. कोणाकडून कोणाकडे, किती वाजता गेला, हे चांगला तपासनीस शोधून काढू शकतो. ज्या गुन्ह्याची पावलेच उमटतात, त्या गुन्ह्यात खोट्याची भीती अधिक कशी?

तेव्हा माझी मागणी थोडक्यात अशी. या गुन्ह्याला स्वतंत्र कायदा हवा, आणि त्याचा पाया अश्लीलता नव्हे, संमती हा हवा. चित्र किती उघडे आहे हे न पाहता, ते खासगी होते का आणि विचारून दाखवले का, एवढेच पाहावे. स्त्री, पुरुष, तृतीयपंथी सर्वांना तो लागू असावा. खरे चित्र आणि बनवलेले चित्र यांत भेद नसावा. विश्वासाने स्वतःचा फोटो पाठवणारी व्यक्ती आरोपी होणार नाही, हे कलमातच लिहावे. तिचे नाव झाकावे. आणि तिची फिर्याद घेताना पहिला प्रश्न ‘फोटो कोणी काढला?’ हा नसून ‘फोटो कोणी पाठवला?’ हा असावा.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एक गोष्ट तुमच्या-माझ्या हातची आहे. भाऊबिजेला ओवाळून घ्यायला बसलेल्या भावांनो, तुमच्या मोबाईलवर असा एखादा फोटो कोणी धाडलेला असेल. तो पुढे पाठवू नका, कोणाला दाखवू नका, आणि धाडणाऱ्याला तोंडावर सांगा की हा गुन्हा आहे. ती कोणाची तरी बहीण आहे, म्हणून नव्हे. तिला भाऊ नसला तरीही. तो फोटो तिचा आहे, आणि तिने तो तुम्हाला दिलेला नाही, एवढ्यासाठी.

आणि आयांनो, वडिलांनो, असा प्रसंग घरावर आला, तर मुलीला मामाकडे पाठवू नका. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात चला, आणि कलम ७७ चे ते एक वाक्य कागदावर लिहून बरोबर न्या.